शाळेचा फोन अखंड कसा राहील?



गेल्या पावसाळ्यात एका दुपारी जोराच्या पावसामुळे शाळा लवकर सोडावी लागली, हे आपणांस आठवत असेल. नेमके त्याच वेळी कार्यालयातील टेलिफोन एक्स्चेंज बंद पडले. पालक फोन लावत होते आणि इकडे घंटी वाजत नव्हती. काही माता भिजत फाटकापर्यंत आल्या. मुले सुखरूप होती. पण तो अर्धा तास त्यांनी कसा काढला असेल, याची कल्पना आपण करू शकतो. आता जुन्या एक्स्चेंजऐवजी संगणकावर चालणारे एक्स्चेंज घ्यावे, असा विचार विश्वस्त मंडळापुढे आहे. ते काय असते हे सर्वांना कळावे, म्हणून हा लेख.

एक्स्चेंजचे काम सोपे आहे. बाहेरून आलेला फोन योग्य खोलीत जोडून देणे. पूर्वी यासाठी वेगळी पेटी लागे. आता हे काम सॉफ्टवेअर करते. अमेरिकेतील मार्क स्पेन्सर यांनी १९९९ मध्ये 'ॲस्टरिस्क' नावाचे असे सॉफ्टवेअर तयार केले. ते विनामूल्य मिळते. आपला आवाज त्यातून छोट्या तुकड्यांच्या रूपाने जातो. साधारणपणे सेकंदाला ५० तुकडे. तुकडे वेळेवर पोहोचले नाहीत, तर आवाज तुटतो.

आता 'व्हर्च्युअल मशीन' म्हणजे काय ते पाहू. एका मोठ्या संगणकावर 'हायपरवायझर' नावाची व्यवस्था बसवली, की ती त्याची शक्ती वाटून देते व त्यात अनेक आभासी संगणक चालतात. एकात हजेरी, एकात ग्रंथालय, एकात टेलिफोन. एका वाड्यात चार बिऱ्हाडे राहावीत, तसे. प्रत्येकाची चूल वेगळी, पण छप्पर एकच. म्हणून फोनच्या बिऱ्हाडाला त्याचा वाटा राखून द्यावा लागतो. नाहीतर निकालाच्या दिवशी शेजारी गर्दी झाली, की फोनवरचा आवाज तुटू लागेल.

फोन बंद पडू नये म्हणून दोन एक्स्चेंज ठेवतात. एक काम करते, दुसरे तयारीत बसते. सर्व नोंदी पहिल्यातून दुसऱ्यात सतत उतरत असतात. पहिले दर एक-दोन सेकंदांनी 'मी ठीक आहे' असा संदेश पाठवते. याला 'हार्टबीट' म्हणतात. संदेश थांबला, की दुसरे एक्स्चेंज पहिल्याचा पत्ता स्वतःकडे घेते आणि फोन त्याच्याकडे येऊ लागतात. चालू असलेले बोलणे बहुधा तुटते; परंतु थोड्या वेळाने पुन्हा फोन लावला, तर लागतो.

येथे एक अडचण आहे. दोघांमधली तारच तुटली तर? दोन्ही यंत्रे धडधाकट असूनही दुसऱ्याला वाटेल, की पहिले गेले. मग दोघेही एकाच पत्त्यावर हक्क सांगतील आणि गोंधळ होईल. म्हणून तिसरा साक्षीदार ठेवतात. तिघांपैकी दोघांचे मत जुळेल तोच कारभारी. आणि कारभार घेण्यापूर्वी दुसऱ्याची वीज खात्रीने बंद करायची. गावच्या पंचांचा न्याय येथेही उपयोगी पडतो!

विश्वस्तांनी लक्षात ठेवावी अशी मुख्य गोष्ट पुढेच आहे. आभासी संगणक बनवणे इतके सोपे झाले आहे, की दोन एक्स्चेंज एकाच संगणकावर ठेवण्याचा मोह होतो. कागदावर दोन दिसतात. पण छप्पर कोसळले, तर दोन्ही बिऱ्हाडे एकदमच उघड्यावर! दोन यंत्रे वेगळ्या संगणकांवर, वेगळ्या खोल्यांत, वेगळ्या इन्व्हर्टरवर हवीत. बाहेरून येणाऱ्या लाइनीही दोन कंपन्यांच्या हव्यात. एकच लाइन असेल, तर दोन यंत्रे घेऊनही पैसे वाया.

विद्यार्थ्यांसाठी थोडे गणित. ९९.९ टक्के वेळ चालणारा फोन ऐकायला उत्तम वाटतो. पण वर्षात ८,७६० तास असतात. त्याचा एक हजारावा भाग म्हणजे सुमारे पावणेनऊ तास तो बंद. ९९.९९ टक्के म्हटले, तर सुमारे ५३ मिनिटे. आपल्या हैदराबादेतूनच ऑगस्ट २००५ मध्ये १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा सुरू झाली; महाराष्ट्रात ती २०१४ मध्ये आली. अशा क्रमांकाच्या बाबतीत त्या पावणेनऊ तासांचा अर्थ काय होईल, याचा विचार घरी जरूर करा.

आपल्या शाळेला एवढी मोठी यंत्रणा नको. पण जी घेऊ, तिची परीक्षा घेतली पाहिजे. महिन्यातून एका शनिवारी, मुले घरी गेल्यावर, चालू यंत्र मुद्दाम बंद करावे आणि बाहेरून फोन लावून पाहावा. जे राखीव यंत्र कधी तपासलेच नाही, त्याच्यावर वेळप्रसंगी भरवसा ठेवता येत नाही. आपण विद्यार्थ्यांची चाचणी घेतो, मग यंत्राची का नको?

शेवटी पालकांना एक विनंती. यंत्रे कितीही असली, तरी एक साधा मोबाईल कार्यालयात स्वतंत्र ठेवला जाईल. त्याचा क्रमांक मुलांच्या दैनंदिनीत पहिल्या पानावर लिहून घ्यावा.