विमान टेकल्यावरचा तो आवाज

विमान धावपट्टीवर टेकलं की इंजिन एकदम गरजतं. आम्हाला वाटायचं, ते उलटं फिरतं. तसं नसतं. पंखा त्याच दिशेने फिरतो. मागे जाणारी हवा झडपा अडवतात आणि बाजूच्या फटींतून पुढे वळवतात. वेग कमी होतो. चाकांना ब्रेक असतातच, पण ओल्या धावपट्टीवर हा उलटा जोर फार कामी येतो.

हेच आकाशात घडलं तर? २६ मे १९९१ रोजी थायलंडवरून जाताना लाउडा एअरच्या बोइंग ७६७ विमानाच्या एका इंजिनात ही यंत्रणा आपोआप उघडली. विमानातले सगळे २२३ जण गेले. त्यानंतर अशा विमानांत जादा कुलूप बसवलं गेलं. म्हणून बायांनो, उतरताना तो आवाज आला तर घाबरू नका. तो जमिनीवरच यावा याची काळजी घेतलेली असते.