सुट्या पानांचा चहा : स्वगंध आणि गंधसंस्कार

चहाच्या कपातून येणारा सुवास दोन मार्गांनी निर्माण होतो. एक सुवास पानाचा स्वतःचा असतो. जमीन, हवामान, खुडणीचा हंगाम आणि कारागिराचे कसब यांतून तो पानातच उपजतो. दुसरा सुवास फूल, फळाची साल, मसाला किंवा धूर यांच्याकडून पानाला मिळतो. पहिल्या प्रकाराला या लेखात स्वगंधी चहा आणि दुसऱ्याला गंधित चहा म्हटले आहे. दोन्ही प्रकार सुट्या पानांच्या रूपात बाजारात मिळतात आणि दोन्हींना जुनी परंपरा आहे. त्यांची तुलना करण्यापूर्वी चहाचे मूळ, वर्गीकरण आणि घडण समजून घ्यावी लागते.

सर्व खरे चहा कॅमेलिया सायनेन्सिस या एकाच सदाहरित वनस्पतीपासून होतात. तिचे दोन प्रमुख प्रकार आहेत. सायनेन्सिस हा प्रकार लहान पानांचा असून थंडी सोसणारा आहे. चीन, जपान आणि दार्जिलिंग येथील लागवड मुख्यतः त्याची आहे. आसामिका या प्रकाराची पाने मोठी असतात आणि उष्ण, दमट सखल प्रदेश त्याला मानवतो. चहावरचा पहिला सविस्तर ग्रंथ ‘चा जिंग’ लू यू या चिनी पंडिताने आठव्या शतकात लिहिला. आसामात सिंगफो लोक चहाचा वापर पूर्वीपासून करीत होते. 1823 मध्ये रॉबर्ट ब्रूस यांना त्यांच्याकडून या झाडाची माहिती मिळाली आणि 1839 मध्ये आसामच्या चहाचा लंडनमध्ये प्रथम लिलाव झाला. दार्जिलिंगमध्ये डॉ. आर्चिबाल्ड कॅम्पबेल यांनी 1841 मध्ये प्रायोगिक लागवड केली.

खुडलेल्या पानावर जी प्रक्रिया होते, तिच्यावरून चहाचे सहा वर्ग मानले जातात : पांढरा, हिरवा, पिवळा, ऊलाँग, काळा आणि गडद. या वर्गीकरणाचा मुख्य आधार ऑक्सिडीकरण हा आहे. पान मुरडले किंवा चुरडले की त्यातील विकरे मोकळी होतात आणि हवेतील प्राणवायूच्या साहाय्याने कॅटेचिन या द्रव्यांचे रूपांतर करतात. हिरव्या चहात पानाला लगेच उष्णता देऊन ही क्रिया थांबवली जाते. काळ्या चहात ती जवळजवळ पूर्ण होऊ दिली जाते, तर ऊलाँगमध्ये मध्येच रोखली जाते. पांढऱ्या चहात कोवळ्या कळ्या आणि पाने केवळ कोमेजवून वाळवली जातात. पिवळा चहा हिरव्यासारखाच सुरू होतो, परंतु उष्णता दिलेली दमट पाने काही काळ झाकून ठेवल्याने त्याचा हिरवट उग्रपणा कमी होतो. गडद चहात, उदाहरणार्थ चीनच्या युनान प्रांतातील पू-अर चहात, सूक्ष्मजीवांचे कार्यही महत्त्वाचे ठरते.

काळ्या चहाच्या घडणीतून दोन महत्त्वाचे द्रव्यगट तयार होतात. थिआफ्लेविनमुळे चहाला सोनेरी तेज आणि जिभेला जाणवणारी तरतरी येते. थिआरुबिजिनमुळे तांबूस रंग आणि भरीवपणा येतो. यांखेरीज पानात थिअनीन नावाचे अमिनो आम्ल असते. चांगल्या जपानी हिरव्या चहातील गोडसर, रसाळ चव मुख्यतः त्यामुळे येते. खुडणीपूर्वी काही आठवडे झुडपे सावलीत ठेवली की पानात थिअनीन टिकून राहते. ग्योकुरो हा महाग जपानी चहा अशाच पानांचा असतो.

पानाच्या आकारानुसार पूर्ण पान, तुकडा, बारीक चुरा आणि भुकटी अशा प्रती ठरतात. आपल्या घरांतील दाणेदार चहा बहुधा सीटीसी पद्धतीचा असतो. दातेरी रुळांमधून पान चिरडून, फाडून, वळवून दाणा करण्याची ही पद्धत 1930 च्या सुमारास आसामात विकसित झाली आणि आज भारतातील बहुतांश चहा तिने तयार होतो. सीटीसी चहा रंग झटपट सोडतो आणि दूध-साखरेत टिकतो, मात्र गंधाच्या सूक्ष्म छटा त्यात कमी उरतात. पूर्ण पानाचा चहा सावकाश उलगडतो आणि त्याचा गंधही टप्प्याटप्प्याने येतो. म्हणूनच आस्वादाच्या अभ्यासाला सुटी पाने घेतली जातात.

स्वगंधी चहाची श्रीमंती प्रदेशागणिक आणि हंगामागणिक बदलते. दार्जिलिंगची वसंतातील पहिली खुडणी फिकट रंगाची, फुलांच्या वासाची आणि किंचित तुरट असते. मे-जूनमधील दुसऱ्या खुडणीला मस्कट द्राक्षाची आठवण देणारा प्रसिद्ध गंध येतो. तुडतुड्यांसारखे सूक्ष्म कीटक या काळात कोवळ्या पानांचा रस शोषतात, त्याला प्रतिसाद म्हणून पान सुगंधी संयुगे तयार करते आणि या गंधात त्यांचा वाटा असतो. तैवानचा ‘ओरिएंटल ब्यूटी’ हा ऊलाँग तर अशा कीटकदंशावरच अवलंबून आहे. त्यामुळे त्याच्या मळ्यांत कीटकनाशके टाळावी लागतात. दार्जिलिंग चहाला 2004 मध्ये भारतातील पहिले भौगोलिक मानांकन मिळाले. आसामचा चहा गडद आणि भरदार असून त्यात भाजलेल्या माल्टची गोडी असते. निलगिरीचा चहा सुवासिक आणि स्वच्छ रंगाचा असतो. चीनमधील हांगचौचा लुंगजिंग लोखंडी कढईत परतला जातो, म्हणून त्याला चेस्टनटसारखा खमंगपणा येतो. जपानी सेंचा वाफवला जातो, म्हणून तो हिरवागार आणि सागरी शेवाळाची आठवण करून देणारा असतो.

गंधित चहाचे गंध देण्याच्या पद्धतीवरून चार गट पाडता येतात : फुलांच्या सहवासात ठेवलेला, तेल किंवा अर्क शिंपडलेला, वाळलेले मसाले वा धान्य मिसळलेला आणि धुरावर वाळवलेला. वाळलेले पान सच्छिद्र आणि आर्द्रताशोषक असते. भोवतालचा वास ते सहज टिपून घेते आणि चारही पद्धती कमीअधिक प्रमाणात या गुणावर आधारलेल्या आहेत.

यांपैकी पहिली पद्धत सर्वांत कष्टाची आहे आणि तिचे श्रेष्ठ उदाहरण म्हणजे चीनच्या फूचौ शहराचा जॅस्मिन चहा. त्यासाठी वापरले जाणारे फूल जॅस्मिनम सॅम्बॅक, म्हणजे आपला मोगरा. चहाची पाने वसंतात तयार करून ठेवतात आणि उन्हाळ्यात मोगऱ्याचा बहर येण्याची वाट पाहतात. दिवसा मिटलेल्या कळ्या खुडल्या जातात. संध्याकाळनंतर त्या उमलू लागल्या की पानांमध्ये मिसळल्या जातात आणि रात्रभर पाने त्यांचा सुगंध शोषतात. फुलांच्या उष्णतेने ढीग तापतो, म्हणून तो मध्येच पसरून थंड करावा लागतो. सकाळी फुले चाळून काढतात आणि दमट झालेली पाने पुन्हा वाळवतात. उच्च प्रतीच्या चहासाठी हा गंधसंस्कार ताज्या फुलांनी पुनःपुन्हा केला जातो. चांगल्या जॅस्मिन चहात फुलांच्या पाकळ्या दिसल्याच पाहिजेत असे नाही, कारण फुलाचे काम संपल्यावर ते वेगळे केलेले असते. या लागवड-परंपरेला संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने 2014 मध्ये जागतिक महत्त्वाच्या कृषी वारशात स्थान दिले.

दुसऱ्या गटातील सर्वांत परिचित चहा अर्ल ग्रे हा होय. बर्गमॉट या लिंबूवर्गीय फळाच्या सालीचे तेल त्यात काळ्या चहाला लावतात. हे फळ मुख्यतः दक्षिण इटलीच्या कालाब्रिया भागात पिकते. या चहाला चार्ल्स ग्रे यांचे नाव आहे. ते 1830 ते 1834 या काळात ब्रिटनचे पंतप्रधान होते. एका चिनी अधिकाऱ्याने त्यांना ही कृती भेट दिली अशी आख्यायिका सांगितली जाते, परंतु ग्रे चीनला कधी गेले नव्हते आणि या कथेला पुरावा नाही. धुराच्या गटात लॅपसांग सूचाँग येतो. फूचिएन प्रांतातील वूयी पर्वतात त्याची पाने पाइनच्या लाकडाच्या धुरावर वाळवतात. मिश्रणाच्या गटात भाजलेला तांदूळ घातलेला जपानी गेनमाइचा, पुदिन्यासह केलेला मोरोक्कोचा हिरवा चहा आणि केशर, वेलची, दालचिनीसह केलेला काश्मिरी कहवा यांचा समावेश होतो.

महाराष्ट्रातील गवती चहाचे स्थान येथे स्पष्ट केले पाहिजे. सिंबोपोगॉन सिट्रॅटस हे गवत आहे आणि त्याचा लिंबासारखा वास सिट्रल या द्रव्यामुळे येतो. नुसती पात उकळून केलेला काढा हा वनस्पतिशास्त्रीय अर्थाने चहा नव्हे. तीच पात आल्यासह चहापत्तीबरोबर उकळली की तो घरगुती गंधित चहा होतो. कॅमोमाइल आणि दक्षिण आफ्रिकेचा रूइबोस यांनाही हाच निकष लागू पडतो. त्यांत कॅमेलियाचे पान नसते, म्हणून त्यांना वनस्पतिकाढे म्हणणे योग्य.

चव या नावाखाली आपण तीन वेगळ्या संवेदना एकत्र करतो. गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी या मूळ चवी जीभ ओळखते. तुरटपणा ही वास्तविक स्पर्शसंवेदना आहे. चहातील पॉलिफिनॉल लाळेतील प्रथिनांशी बांधले गेल्याने तोंड कोरडे, आवळल्यासारखे वाटते. उरलेला सारा सूक्ष्म भेद गंधाचा असतो आणि तो घशामागील वाटेने नाकात पोहोचतो. व्यावसायिक परीक्षक चहाचा जोरदार भुरका मारतात तो याच कारणाने, कारण त्यामुळे द्रवाचे तुषार होतात आणि गंध चटकन नाकाकडे जातो. घोट तोंडात फिरवून ते थुंकून टाकतात, म्हणून एका बैठकीत अनेक नमुने तपासता येतात.

परीक्षणासाठी चहा कसा करावा याचे आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ 3103 हे आहे. ते प्रथम 1980 मध्ये प्रसिद्ध झाले. पांढऱ्या चिनी मातीच्या भांड्यात 100 मिलिलिटर पाण्यास 2 ग्रॅम चहा, उकळते पाणी आणि सहा मिनिटे मुरवण असे त्याचे मुख्य नियम आहेत. सर्वांत चविष्ट कप करणे हा या मानकाचा हेतू नाही. सर्व नमुन्यांना समान कसोटी लावणे आणि त्यांचे दोषही उघड करणे हा आहे.

घरी तुलना करताना हीच शिस्त थोड्या सौम्य रूपात पाळावी. माप, पाणी, भांडे आणि वेळ समान ठेवावी. काळ्या चहाला उकळते पाणी चालते, ऊलाँगला थोडे निवलेले, तर हिरव्या चहाला सुमारे 70 ते 80 अंश सेल्सिअसचे पाणी घ्यावे, अन्यथा कडवटपणा वाढतो. म्हणून एका बैठकीत एकाच वर्गातील चहा ठेवावेत. जड पाण्यात चहावर तवंग येतो आणि रंग मंदावतो, तेव्हा शक्यतो मृदू पाणी घ्यावे. दूध घालू नये, कारण त्यातील केसीन तुरटपणा झाकते. स्वगंधी चहा आधी आणि गंधित नंतर चाखावा, आणि धुराचा चहा सर्वांत शेवटी. कोरडे पान, भिजलेले पान, अर्काचा रंग, गंध, चव आणि घोटानंतर उरणारी छाप या क्रमाने नोंद करावी.

गंधित चहाची खरी परीक्षा त्याचा आधारचहा शेजारी ठेवून होते. जॅस्मिनजवळ साधा हिरवा चहा आणि अर्ल ग्रेजवळ साधा काळा चहा ठेवला की पान कोठे संपते आणि गंधसंस्कार कोठे सुरू होतो, हे कळते. येथे रसायनशास्त्राचा एक दाखला उद्बोधक आहे. लिनालूल हे सुगंधी द्रव्य चहाच्या पानात, मोगऱ्यात आणि बर्गमॉटच्या तेलात अशा तिन्ही ठिकाणी आढळते. हे गंध चहाशी परके वाटत नाहीत, याचे एक कारण त्यात असावे. नंतर दोन्ही कप कोमट होऊ द्यावेत आणि त्याच पानांवर दुसऱ्यांदा पाणी घालावे. वरवर लावलेला वास बहुधा पहिल्याच पाण्यात निघून जातो. मुरलेला गंध आणि चांगले पान पुढेही साथ देतात.

पानाचा शोषक गुण साठवणीत शत्रू ठरतो. सुटा चहा हवाबंद, अपारदर्शक डब्यात, उजेड, उष्णता आणि मसाल्यांपासून दूर ठेवावा. गंधित आणि स्वगंधी चहाचे डबे वेगळे असावेत. खरेदी करताना वेष्टनावर मिसळलेल्या गंधाचा उल्लेख आहे का, हे पाहावे.

या दोन परंपरांत श्रेष्ठ-कनिष्ठ ठरविण्याचे कारण नाही. मात्र निकष एकच ठेवावा : पान चांगले असेल तरच गंधसंस्कार शोभतो, आणि निकृष्ट पान झाकण्यासाठी वापरलेला सुवास फार काळ फसवू शकत नाही. जिज्ञासू वाचकाने दोन्ही प्रकारांचा थोडा थोडा चहा आणावा, तो समान मापाने कोरा करून चाखावा आणि आपला निर्णय स्वतःच्या जिभेने व नाकाने करावा.