परताव्याचा फोन आला तर

शेतीचे उत्पन्न करमुक्त, तेव्हा प्राप्तिकराशी आपला काय संबंध, असे पुष्कळ शेतकरी बंधू म्हणतात. पण ठेवीच्या व्याजातून कापलेला कर परत मिळवायचा, किंवा घरात नोकरदार मुलगा असला, तर विवरणपत्र भरावेच लागते. ते भरून देतो तालुक्याचा करसल्लागार, आणि भामट्यांचा डोळा आधी त्याच्यावरच. "नवीन गिऱ्हाईक आहे, कागद पाहा," असा ई-मेल त्याला येतो. सोबतची फाईल उघडली की संगणकातले सगळ्यांचे पॅन, खाते क्रमांक चोराच्या हाती पडू शकतात. मग फोन येतो तुम्हाला. पलीकडचा नाव, पॅन बिनचूक सांगतो, म्हणून तर शहाणा माणूसही फसतो!

२०२३ साली १५,४९० रुपयांचा परतावा मंजूर झाल्याचा खोटा संदेश असाच फिरला होता. खरा परतावा विवरणपत्रात दिलेल्या खात्यातच जमा होतो. त्यासाठी प्राप्तिकर खाते ओटीपी वा पिन विचारीत नाही. फोन ठेवावा व सल्लागाराला त्याच्या नेहमीच्या क्रमांकावर विचारावे. पैसे गेलेच, तर लाजून घरात न बसता लगेच १९३० वर कळवावे. रक्कम पुढे सरकण्याआधी अडवता येण्याची शक्यता असते. बँकेला सांगावे, सल्लागारालाही. त्याची बाकीची गिऱ्हाइके अजून बेसावध असतील.