तारापूरच्या बायकांना विचारा

मैत्रिणींनो, औंढा नागनाथजवळ दुधाळ्याला 'लायगो'चा प्रकल्प होणार, ही बातमी आली तेव्हा आमच्या बचत गटात एकीनं विचारलं, "ताई, अणुऊर्जा विभागाचं काम आहे म्हणे. मग आपल्या शेजारी अणुभट्टी येणार का?"

तर, नाही. लायगोत विश्वातून येणाऱ्या गुरुत्वीय लहरी मोजणार आहेत. 2023 साली केंद्रानं त्यासाठी 2600 कोटी रुपये मंजूर केले. तिथे ना वीज तयार होणार, ना किरणोत्सर्ग. पण तिचा प्रश्न काही वेडा नव्हता. अणुभट्टी दारात आली की गावाचं काय होतं, हे तारापूरला विचारावं.

तारापूर तेव्हाच्या ठाणे, आताच्या पालघर जिल्ह्यात, समुद्राकाठी. देशातलं पहिलं अणुवीज केंद्र इथे 1969 साली सुरू झालं. काम कसं चालतं म्हणाल, तर आपला कुकर आठवा. युरेनियमचे अणू फुटतात, उष्णता निघते, पाण्याची वाफ होते आणि त्या वाफेवर टर्बाइन फिरतं. ती वाफ पुन्हा गार करायला मात्र अफाट पाणी लागतं, म्हणून समुद्राचा काठ. आपल्या परळीचं कोळशावरचं केंद्र 2013 साली पाण्यावाचून बंद ठेवावं लागलं होतं, आठवतंय ना?

तारापूरला 2005 आणि 2006 साली 540 मेगावॅटचे दोन नवे संच सुरू झाले. आपल्या जिंतूर तालुक्यातल्या येलदरी धरणावरचं वीजघर सगळं मिळून साडेबावीस मेगावॅटचं. म्हणजे तिथल्या एकेका संचात चोवीस येलदऱ्या बसल्या! शिवाय कोळशाचा धूर नाही, राख नाही. ही बाजूही खरी आहे, ती नाकारून चालणार नाही.

पण या संचांसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही दोन गावं उठली. नवी घरं, सोयी, मुलांच्या नोकऱ्या या तक्रारी पार मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेल्या. त्या किनाऱ्यावर पुरुष मासे धरतात आणि बाजारात विकतात बायका. किनारा सुटला की टोपलीच रिकामी. तिच्या नावावर जमीन नसते, मग भरपाई कशाची मागणार? आणि जे राहिले, त्यांनाही केंद्रापासून 16 किलोमीटरपर्यंतच्या आपत्कालीन आराखड्यात धरलेलं असतं. भोंगा वाजला तर घरात बसायचं की गाव सोडायचं, याची तालीम होते. चूल पेटलेली, लेकरू शाळेत आणि भोंगा वाजला तर... आपण नुसती कल्पना करावी.

जैतापूरला हेच पुन्हा दिसलं. रत्नागिरी जिल्ह्यातल्या माडबन परिसरात 9900 मेगावॅटचा प्रकल्प ठरला. साडेनऊशे हेक्टरच्या आसपास जमीन घेतली गेली. कित्येकांनी भरपाईचे चेक घेतलेच नाहीत. मार्च 2011 मध्ये जपानला फुकुशिमा झालं आणि एप्रिलमध्ये नाटे इथे पोलीस गोळीबारात एक मच्छीमार गेला. नाट्याच्या मच्छीमारांचा जीव अडकला होता तो समुद्रात. करार होऊन इतकी वर्षं उलटली, तरी प्रकल्प उभा राहिलेला नाही.

या सगळ्यानंतर 2013 साली आलेला भूसंपादनाचा नवा कायदा मला बायकांसाठी महत्त्वाचा वाटतो. त्यात विधवा, घटस्फोटित आणि टाकलेल्या बाईला स्वतंत्र कुटुंब धरलंय. जमीन नसली तरी त्या जागेवर किंवा पाण्यावर तीन वर्षं पोट भरणारं कुटुंबही प्रकल्पग्रस्त मानलं जातं. शेतमजूर बाईसुद्धा त्यात येऊ शकते.

प्रकल्प अणूचा असो, धरणाचा असो की रस्त्याचा, पैसा मात्र सातबाऱ्यावर ज्याचं नाव त्यालाच आधी मिळतो. आपल्याकडे ते नाव बहुतेक घरधन्याचं. 'लक्ष्मी मुक्ती' योजनेत बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावता येतं. आपल्या तलाठ्याकडे चौकशी करा. अर्ज मात्र नवऱ्यानंच करायचा असतो, तेव्हा तेवढं आधी घरात बोलून घ्या, चहा देताना.