ऑपरेशन झाले, भीती राहिली

आम्ही पुष्कळ वर्षे मास्तरकी केली. मुलांना सांगायचो, "तंबाखू वाईट." आणि मधल्या सुट्टीत स्वतःच चिमूट गालात धरायचो. त्याच गालात पुढे जखम झाली. ती भरेना. तपासले, तर कर्करोग निघाला. मुंबईला परळच्या टाटा रुग्णालयात ऑपरेशन झाले. हे रुग्णालय १९४१ सालापासून कर्करोगावर उपचार करीत आहे.

आम्ही घरी आलो. लोक म्हणाले, "सुटलात, गुरुजी!" पण रात्री डोळा लागेना. जीभ सारखी टाक्यांवरून फिरे. गाल जरा ओढला, की वाटे, रोग परत आला! घरात मात्र बोललो नाही. म्हटले, मुलांना उगाच घोर कशाला?

अशी भीती पुष्कळ रोग्यांना वाटते. यात लाज कसली? म्हातारा माणूस तर मुलांवर ओझे नको म्हणून गप्प बसतो. मग भीती आणखी वाढते.

या भीतीचा मोठा तोटा आहे. ती तपासणी चुकवायला लावते. आमची तारीख आली, तेव्हा आम्ही म्हणालो, "बरे आहे. कशाला जायचे?"

पत्नी म्हणाली, "अहो, बरं असेल तर भिता कशाला? आणि बरं नसेल, तर लपवून बरं होणार आहे का?"

आम्ही गेलो. डॉक्टरांना मनातले सगळे सांगितले. त्यांनी तोंड पाहिले, मान चाचपली. म्हणाले, "हा रोग नाही. जखम भरताना कातडी आवळते. नसा दुखावल्या, की बधिरपणा येतो, मुंग्या येतात."

मग तपासणी कशासाठी? तोंडाचा कर्करोग परतलाच, तर बहुधा पहिल्या दोन-तीन वर्षांत परततो. म्हणून त्या काळात तपासण्या जवळजवळ असतात. पुढे अंतर वाढते. रोग लवकर सापडला, तर उपाय जास्त असतात.

तेव्हा वाचकहो, एवढे करा :

१. तपासणीची तारीख भिंतीवर लिहा. ती चुकवू नका.

२. मनातली भीती घरात सांगा, डॉक्टरांनाही सांगा. झोप उडाली, जेवण सुटले, तर त्यावरही उपचार आहेत.

३. मानेला गाठ आली, दोन आठवड्यांत जखम भरली नाही, तोंडातून रक्त आले, घास गिळताना दुखले, किंवा वजन उतरू लागले, तर तारखेची वाट पाहू नका. लगेच जा.

४. तंबाखू, मिश्री, विडी, दारू सोडा. त्यांनी नवा कर्करोगही होऊ शकतो.

आणि घरच्यांनो, "काही होत नाही" म्हणून म्हाताऱ्याला गप्प करू नका. त्याचे ऐका. तपासणीला बरोबर जा.

आम्ही तंबाखू सोडली. भीती पुरती गेली नाही. तारखेच्या आधी आठ दिवस ती अजून येते. मग आम्ही पत्नीला तसे सांगतो, कागद पिशवीत भरतो आणि दोघे मिळून सकाळची गाडी धरतो.