गिअरविरहित स्कूटरमधील बेल्टची घसरण : कारणे व उपाय

प्रस्तावना : अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) येथील कायनेटिक इंजिनिअरिंगने १९७२ मध्ये गिअर बदलावा न लागणारी लुना बाजारात आणली. पुढे आलेल्या गिअरविरहित स्कूटरमध्ये केंद्रोत्सारी क्लचला व्ही-बेल्ट व व्हेरिएटरची जोड मिळाली.

कार्यपद्धती : इंजिनाची गती वाढताच पुढील पुलीतील रोलर बाहेर सरकतात, तबकड्या जवळ येतात व बेल्ट वर चढतो. मागील पुलीची स्प्रिंग बेल्टला आवळून धरते. या दोन बलांचा तोल हेच या यंत्रणेचे मर्म होय.

कारणे : स्प्रिंग सैल झाल्यास चढावर अथवा अधिक भाराखाली बेल्ट घसरतो, तापतो; त्याच्या कडा गुळगुळीत होऊन रुंदी घटते. तबकड्यांना ग्रीस लागल्यासही हेच घडते. रोलर प्रमाणापेक्षा जड असल्यास बेल्ट अकाली वर चढून इंजिन दबते. हलके असल्यास इंजिन विनाकारण अधिक फिरते.

निष्कर्ष : झिजलेला बेल्ट हे बहुधा लक्षण असते, मूळ दोष नव्हे. म्हणून बेल्ट बदलताना तबकड्या स्वच्छ व कोरड्या कराव्यात, चपटे झालेले रोलर संपूर्ण संचासह बदलावेत आणि स्प्रिंगची लांबी मोजावी. अन्यथा नवा बेल्टही लवकर झिजतो. तो चालत्या वाहनात तुटल्यास चाकाची ओढ तत्क्षणी नाहीशी होते.