माफक किंमतीचा स्मार्टफोन: नवा घ्यावा कीं वापरलेला?

शालान्त परीक्षेचा निकाल लागला कीं पालकांपुढें जे प्रश्न उभे राहतात, त्यांत अलीकडे एका नव्या प्रश्नाची भर पडली आहे: मुलाला अगर मुलीला फोन कोणता घेऊन द्यावा? एके काळीं ही चैनीची वस्तु होती. आतां तसें म्हणतां येत नाहीं. इयत्ता अकरावीचा प्रवेश २०२५ सालापासून साऱ्या महाराष्ट्रांत ऑनलाइन झाला. अर्ज, महाविद्यालयांचा पसंतिक्रम, गुणवत्ता यादी हें सारें बहुतेक घरांत फोनवरच पाहावें लागतें, आणि ओ.टी.पी.हि तेथेंच येतो. ज्या घरांत एकच फोन आहे व तो वडिलांबरोबर कामावर जातो, त्या घरांतील मुलाचा अभ्यास रात्रीं नऊनंतर सुरू होतो, हें आम्ही शिक्षक नित्य पाहतों. तेव्हां फोन द्यावा कीं देऊं नये, हा वाद येथें घालीत नाहीं. घ्यावयाचाच, तर दहा-बारा हजार रुपये, म्हणजे पुष्कळ घरांतील महिन्याच्या मिळकतीचा मोठा भाग, वायां जाऊं नये, एवढाच ह्या लेखाचा हेतु आहे. मनोरा बांधण्यापूर्वीं खर्चाचा हिशेब करणाऱ्या मनुष्याचा दृष्टान्त आमच्या विद्यार्थ्यांस ठाऊक आहेच. तो हिशेब येथें कसा मांडावा तें पाहूं.

दुकानदार किंमत एका आंकड्यांत सांगतो. आपण ती वर्षाच्या हिशेबानें काढावी. समजा, बारा हजारांचा नवा फोन चार वर्षें नीट चालला; वर्षास तीन हजार पडले. सात हजारांचा वापरलेला फोन दीड वर्षांत निरुपयोगी झाला व मध्यंतरीं नव्या बॅटरीस बाराशें रुपये लागले, तर वर्षास सुमारें साडेपांच हजार गेले. हा स्वस्त फोन महाग पडला! परंतु तोच सात हजारांचा फोन बॅटरी बदलून तीन वर्षें चालला असता, तर वर्षाचा खर्च पावणेतीन हजारांच्या आंत येऊन तो नव्याहून स्वस्त ठरला असता. म्हणून फोन नवा कीं वापरलेला हें विचारण्याआधीं, त्याचें आयुष्य किती उरलें आहे हें विचारावें.

हें आयुष्य कशानें संपतें? फुटलेला पडदा बदलतां येतो, थकलेली बॅटरी बदलतां येते. परंतु कंपनीनें सॉफ्टवेअरचे अपडेट पाठविणें बंद केलें, तर त्यावर सामान्य माणसाजवळ उपाय नाहीं. फोन चालविणाऱ्या अँड्रॉइड प्रणालींत वेळोवेळीं नव्या फटी सांपडतात. चोर त्यांतून आंत शिरूं पाहतो आणि कंपनी अपडेट पाठवून त्या बुजविते. ज्या फोनवर बँकेचा व्यवहार व यू.पी.आय. चालतें, त्याच्या फटी उघड्या ठेवणें म्हणजे घरास कुलूप न लावितां यात्रेस जाणें होय. सेटिंग्जमध्यें फोनची माहिती देणारें सदर असतें. तेथें अँड्रॉइडची आवृत्ति व शेवटच्या सुरक्षा-अपडेटची तारीख दिलेली असते. ती तारीख दीड-दोन वर्षांमागची निघाली, तर फोन कितीहि चकचकीत असला तरी तो म्हातारा समजावा. पुढें पुढें अ‍ॅपेंहि अशा फोनची साथ सोडतात. जानेवारी २०२५ पासून व्हॉट्सअ‍ॅपनें अँड्रॉइड ४.४ वर चालणारे फोन वगळले, आणि त्याच वर्षीं मे महिन्यांत आयफोन ५एस, ६ व ६ प्लस हेहि वगळले. जुना आयफोन स्वस्तांत मिळतो म्हणून हरखून जाणाऱ्या विद्यार्थ्यांनीं हें ध्यानांत ठेवावें.

किती वर्षें अपडेट देणार, हें कंपनी आधींच जाहीर करिते, व त्यांत फार मोठें अंतर असतें. सॅमसंगनें २०२४ सालीं आणलेल्या गॅलेक्सी ए१६ ५जी ह्या मध्यम किंमतीच्या फोनास सहा वर्षांचें वचन दिलें. गूगलनें २०२३ सालच्या पिक्सेल ८ पासून सात वर्षें देण्याचें ठरविलें, परंतु तो फोन माफक किंमतीचा नव्हे. स्वस्त फोनांपैकीं पुष्कळांस ह्याच्या निम्मींहि वर्षें मिळत नाहींत. येथें एक गोष्ट दुकानांत कोणी सांगत नाहीं. हीं वर्षें सामान्यतः तो नमुना बाजारांत आला त्या दिवसापासून मोजतात, आपण विकत घेतला त्या दिवसापासून नव्हे. दोन वर्षें फळीवर पडून राहिलेला 'नवा' फोन सवलतीनें मिळाला, तर त्याचीं दोन वर्षें आधींच खर्च झालेलीं असतात.

आतां आंकड्यांविषयीं थोडेसें. रॅम म्हणजे काम करावयाचें टेबल आणि स्टोरेज म्हणजे कपाट. टेबल लहान असलें कीं दुसरें पुस्तक उघडतांना पहिलें मिटावें लागतें. फोन अडखळतो तो ह्यामुळें. अभ्यासाच्या फोनास सहा जी.बी. रॅम असावी, व नाइलाज असेल तर चार. कपाट १२८ जी.बी. चें असावें, कारण खुद्द प्रणालीच त्यांतील बरीच जागा व्यापून बसते. खोक्यावर 'आठ अधिक आठ, एकूण सोळा जी.बी. रॅम' असें लिहिलेलें असतें. त्यांतील दुसरे आठ म्हणजे कपाटाचाच एक खण टेबल म्हणून वापरणें होय. कपाट टेबलाइतकें चपळ नसतें. म्हणून पहिलाच आंकडा खरा मानावा. कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल हेहि बहुधा शोभेचेच. पाठीवर तीन भिंगें दिसतात, त्यांतील दोन कामापुरतींहि नसतात. ५जी सेवा भारतांत १ ऑक्टोबर २०२२ रोजीं सुरू झाली. नवा फोन चार-पांच वर्षांसाठीं घ्यावयाचा, तर तो ५जी असलेला बरा. परंतु वापरलेला घेतांना केवळ तेवढ्यासाठीं दोन हजार अधिक देऊं नयेत. त्यापेक्षां आपल्या घरीं कोणत्या कंपनीची रेंज येते, तें आधीं पाहावें. पुस्तकाचें पान वाचावयाचें असल्यानें पडदा शक्य तर १०८० पिक्सेलांचा घ्यावा. ७२० पिक्सेलांच्या मोठ्या पडद्यावर बारीक अक्षरें फुटकीं दिसतात व डोळ्यांस शीण होतो.

वापरलेला फोन घेण्यांत कमीपणा मुळींच नाहीं. मात्र तो कोठून घेतला ह्यास फार महत्त्व आहे. नात्यांतील अगर ओळखीच्या माणसाचा, बिलासह मिळणारा फोन सर्वांत उत्तम. त्याखालोखाल दुरुस्त करून, तपासून, सहा महिन्यांची अगर वर्षाची हमी देऊन विकणारे व्यापारी. रस्त्यावर अगर आठवड्याच्या बाजारांत, बिलावांचून, 'आज घ्या नाहींतर उद्यां जाईल' म्हणून हातांत कोंबला जाणारा फोन स्वस्त असला तरी घेऊं नये.

पैसे देण्यापूर्वीं पहिली तपासणी फोनच्या ओळख-क्रमांकाची करावी. प्रत्येक फोनास आय.एम.ई.आय. नांवाचा पंधरा अंकी क्रमांक असतो. *#०६# असें दाबलें म्हणजे तो पडद्यावर येतो. दोन सिमांच्या फोनास असे दोन क्रमांक असतात. हे खोक्यावरील व बिलावरील क्रमांकांशीं ताडून पाहावेत. नंतर संदेशांत इंग्रजी के, वाय, एम हीं तीन अक्षरें, एक जागा सोडून तो पंधरा अंकी क्रमांक, असें लिहून १४४२२ वर पाठवावें. दूरसंचार विभागाच्या 'संचार साथी' ह्या संकेतस्थळावरहि ही सोय मे २०२३ पासून आहे. उत्तरांत फोन काळ्या यादींत आहे, क्रमांक दुबार आहे अगर आधींच वापरांत आहे, असें आलें तर तेथूनच परत फिरावें. चोरीचा माल आहे असें ठाऊक असून, अगर तसें मानण्यास कारण असून, अप्रामाणिकपणें घेणें हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ प्रमाणें अपराध आहे.

दुसरी तपासणी खात्याच्या कुलपाची. हिच्याविषयीं पुष्कळांस माहितीच नसते. दोन वर्षांपूर्वीं आमच्या एका विद्यार्थिनीच्या वडिलांनीं साडेपांच हजारांस एक फोन आणला. आठवडाभर तो उत्तम चालला. पुढें तो अडखळूं लागला, तेव्हां कोणाच्या तरी सांगण्यावरून त्यांनीं तो पुसून कोरा केला; आणि फोन पूर्वीच्या मालकाचें गूगल खातें व पासवर्ड मागूं लागला. विकणारा पुन्हां भेटला नाहीं. त्या मुलीनें प्रथम सत्राचा अभ्यास मैत्रिणींच्या वह्यांवरून केला. चोरीस गेलेला फोन चोराच्या उपयोगीं पडूं नये म्हणून हें कुलूप अँड्रॉइडांत २०१५ च्या सुमारास आलें. आयफोनास तें २०१३ पासूनच आहे. कुलूप चांगलें आहे, पण तें उघडून घेणें आपलें काम. विकणाऱ्यास आपल्यासमोर सेटिंग्जमधून त्याचें खातें काढावयास लावावें, फोन समोरच कोरा करावा व पहिल्यापासून सुरू करून पाहावा. जो ह्यास वेळ नाहीं म्हणतो, त्यास आपणहि पैसे देऊं नयेत.

उरलेल्या तपासण्या पंधरा मिनिटांच्या आहेत. दोन्ही सिमें घालून प्रत्येकीवरून एक कॉल करावा, आपला आवाज पलीकडे स्वच्छ जातो काय तें विचारावें. पांढरें चित्र लावून पडद्यावर डाग वा पट्टे आहेत काय हें पाहावें. एक चिन्ह बोटानें धरून साऱ्या पडद्यावरून फिरवावें, जेथें तें निसटेल तेथें स्पर्श मेला आहे. चार्जर लावून वायर किंचित् हलवून पाहावी. मागची पाठ फुगलेली अगर पडदा कडेला उचललेला दिसला, तर आंत बॅटरी फुगली आहे. असा फोन फुकटहि घेऊं नये, त्याला आग लागण्याचें भय असतें.

हप्त्यांविषयीं एवढेंच सांगतों, कीं 'बिनव्याजी' म्हटलेल्या हप्त्यांवरहि प्रक्रिया-शुल्क असूं शकतें आणि रोखीची सूट कित्येकदां हातची जाते. दोन्ही बेरजा कागदावर मांडून पाहाव्यात. हें काम मुलांनींच करावें. सातवींतील शेकडेवारी त्यास पुरेशी आहे.

आणि घरांत एखादा तीन वर्षांचा फोन केवळ बॅटरी टिकत नाहीं म्हणून खणांत पडला असेल, तर बाजारांत जाण्यापूर्वीं तो बाहेर काढावा. त्याचे अपडेट अजून येत असतील, तर हजार-पंधराशें रुपयांची नवी बॅटरी घालून तोच मुलास देणें हा साऱ्यांत स्वस्त मार्ग होय. आमच्या मतें निम्म्या घरांचा प्रश्न येथेंच सुटावा.

फोन घेतल्यावर बिलावर आय.एम.ई.आय. लिहून घ्यावा, वापरलेला असेल तर विकणाऱ्याचें नांव, पत्ता, सही व रक्कम असलेली पावती घ्यावी. तो क्रमांक घरच्या हिशेबाच्या वहींतहि टिपून ठेवावा. फोन हरवला तर पोलिसांत तक्रार करून, त्याच क्रमांकाचें दुसरें सिम काढून, तक्रारीची प्रत जोडून 'संचार साथी'वर फोन बंद करण्याची मागणी करितां येते. मग देशांतील कोणत्याहि कंपनीच्या सिमावर तो चालत नाहीं. आणि परत मिळाल्यास तेथेंच अर्ज करून तो पुन्हां सुरू करून घेतां येतो.